अमायलॉइड आधी सापडलं ते रक्तवाहिन्यांत

अल्झायमर म्हटलं की चेतापेशींभोवती साचलेल्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठी आठवतात. या प्रथिनाची रासायनिक ओळख मात्र त्या गाठींमधून पटली नव्हती. १९८४ साली अमेरिकेत जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूवरील आवरणातल्या रक्तवाहिन्या घेतल्या, त्यांच्या भिंतींत जमलेलं अमायलॉइड वेगळं केलं आणि त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीचा सुरुवातीचा भाग वाचला. तेच आजचं बीटा-अमायलॉइड. इतकी जुनी ओळख असूनही रक्तवाहिन्यांचा विषय आजही दुय्यम मानला जातो, हे मला खटकतं.

गाठींमध्ये प्रामुख्याने ४२ अमिनो आम्लांचं बीटा-अमायलॉइड असतं, तर धमन्यांच्या भिंतींत बहुतांशी ४० चं. लांबीतला हा फरक दिसायला किरकोळ आहे. पण ४० चा रेणू तुलनेने सहज विरघळतो, त्यामुळे तो तयार झाला तिथेच न अडकता दूरवर जातो. मेंदूतला असा टाकाऊ माल बाहेर पडण्याची एक वाट धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींमधल्या पातळ पटलांतून जाते. वयानुसार धमन्या ताठर होतात, निचरा मंदावतो आणि रेणू वाटेतच साचून त्यांचे तंतू बनतात. त्या तंतूंच्या सहवासात स्नायुपेशी मरू लागतात. स्नायू गेले की धमनीचं आकुंचन-प्रसरण कमी होतं, निचरा आणखी खुंटतो, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला पोसत राहतं. शेवटी भिंत ठिसूळ होऊन रक्त झिरपतं, कधी ती फुटतेही.

कुणाची भिंत फुटेल, यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. एपीओई जनुकाचा चौथा प्रकार असलेल्यांच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड जास्त साचतं. दुसरा प्रकार अल्झायमरपासून काहीसं संरक्षण देतो, पण अमायलॉइडने ग्रासलेली वाहिनी फुटण्याचा धोका त्यामुळेच वाढतो. एकच जनुक, आणि चेतापेशींना जे तारक ते वाहिन्यांना मारक! काही डच कुटुंबांत बीटा-अमायलॉइडच्या २२ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्यावर पन्नाशीच्या आसपास मेंदूत रक्तस्राव सुरू होतात.

केशवाहिन्यांत वेगळंच घडतं. त्यांना बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी वाहिनीची रुंदी कमी-जास्त करतात. बीटा-अमायलॉइडमुळे क्रियाशील ऑक्सिजन रेणू तयार होतात, मग एंडोथेलिन हा आकुंचक रेणू कामाला लागतो आणि पेरिसाइट वाहिनीला आवळतात. हे २०१९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मानवी मेंदूच्या ऊतींवर दाखवलं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. अशा अवयवाला हे आवळणं फार महागात पडतं.

लेकॅनेमॅबसारखी अमायलॉइड हटवणारी प्रतिपिंडं आल्यापासून हा विषय थेट रुग्णांपर्यंत पोहोचला आहे. भिंतीत रुतलेलं अमायलॉइड सुटू लागलं की वाहिनी गळते. एमआरआयमध्ये मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव दिसतात. एपीओईच्या चौथ्या प्रकाराच्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका सर्वाधिक. म्हणून औषध सुरू करण्याआधी एमआरआय करून सूक्ष्म रक्तस्रावांचे ठिपके मोजतात, आणि ते चारपेक्षा जास्त असतील तर सहसा हे औषध देत नाहीत.