पक्षी-धडक

धावपट्टीवर धावताना, उड्डाण करताना किंवा उतरताना विमानावर पक्षी आदळणे. विमानतळावरच्या बोलण्यात ‘बर्ड हिट’ हाच शब्द रूढ आहे. वटवाघळांच्या धडकाही याच सदरात नोंदवतात.

पहिल्या धडकेविषयी एकवाक्यता नाही. राइट बंधूंच्या रोजनिशीनुसार ७ सप्टेंबर १९०५ रोजी डेटनजवळ ऑर्व्हिलने एका थव्याचा दोन फेऱ्या पाठलाग केला आणि त्यातला एक पक्षी मारला गेला. हा प्रकार जाणूनबुजून घडला असल्याने काहीजण त्याला धडक मानत नाहीत. तरी नोंद म्हणून तीच आद्य ठरते. पहिला मृत्यू सहसा अमेरिकी वैमानिक कॅल रॉजर्स याचा सांगितला जातो (लाँग बीच, ३ एप्रिल १९१२). ४ ऑक्टोबर १९६० रोजी बॉस्टनला इलेक्ट्रा विमानाच्या इंजिनांत मैनांच्या जातीतले स्टार्लिंग शिरले आणि ६२ जण दगावले. त्यानंतर इंजिनांच्या चाचण्या कडक झाल्या.

धडकेची ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घार साधारण पाऊण किलोची. ताशी २६० किमी वेगाने उतरणाऱ्या विमानावर ती आदळली, तर सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा काही चौरस इंचांत उतरते. वेग दुप्पट झाला की हीच ऊर्जा चौपट. मोठ्या प्रवासी विमानाच्या समोरच्या काचेला १.८ किलोच्या पक्ष्याचा आघात सोसावा लागतो. बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मी. उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असल्याने वेगदर्शकावर तोच आकडा असताना प्रत्यक्ष वेग जवळपास ४ टक्क्यांनी, म्हणजे ऊर्जा ७ ते ८ टक्क्यांनी जास्त भरते. उन्हाळ्यात ही वाढ आणखी होते.

अमेरिकी नोंदींनुसार प्रवासी विमानांच्या सुमारे ७० टक्के धडका जमिनीपासून १५० मी.च्या आत होतात. म्हणून प्रश्न आकाशाचा कमी आणि शिवाराचा जास्त. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी जमिनीतून वर येते, गांडुळे ओल्या धावपट्टीवर पसरतात आणि त्यांच्यामागे टिटव्या, साळुंक्या, गायबगळे येतात. टिटवी तर उघड्या माळावरच अंडी घालते, त्यामुळे फटाका वाजवूनही ती फार लांब जात नाही. सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री या भागात नांगरट सुरू झाली की बगळ्यांची रांग ट्रॅक्टरमागे लागते. तीच रांग संध्याकाळी रातथाऱ्याकडे परतताना विमानाच्या वाटेत येऊ शकते.

गवत किती उंच ठेवावे, यावर जुना वाद आहे. ब्रिटिश पद्धतीत १५ ते २० सेंमी राखतात, कारण उंच गवतात पक्ष्याला भक्ष्य आणि शत्रू दोन्ही दिसत नाहीत. उष्ण प्रदेशात मात्र त्याच गवतात उंदीर व टोळ वाढतात आणि घारी, घुबडे त्यांच्यावर येतात. दख्खनच्या पावसाळी माळाला ब्रिटिश माप जसेच्या तसे लावणे योग्य वाटत नाही. बी धरण्यापूर्वी कापणी आणि कापलेले गवत त्याच दिवशी उचलणे अधिक उपयोगी ठरते. कापणी दिवसा, विमानांच्या वेळेत केली की घारी यंत्रामागेच घिरट्या घालतात.

विमानतळापासून १० किमीच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास, सोलण्यास आणि घाण टाकण्यास १९३७ च्या विमान नियमावलीतील नियम ९१ ने मनाई केली. बेळगाव शहराचा तुरमुरी येथील कचरा डेपो शहराच्या पश्चिमेस, सांबऱ्याच्या उलट बाजूला आहे. गावोगावच्या मटण दुकानांचा कचरा मात्र लहान असला तरी घारींना पुरेसा होतो.

इंजिनाच्या टोकावरील पांढऱ्या वेटोळ्याने पक्षी बिचकतात, हा समज पक्क्या पुराव्यावर उभा नाही. इंजिन सुरू आहे हे जमिनीवरील माणसांना कळावे, हाच त्याचा खरा उपयोग.

धडकेनंतर पंख्याची पाती, पंखांची पुढची कड, नाकाडावरील रडारचे आवरण, वेगमापक नळ्या आणि चाकांची खोबण तपासतात. पक्षी इंजिनात गेल्याचा संशय असेल तर दुर्बिणीची नळी आत घालून पाती एकेक पाहतात. केबिनमध्ये करपट वास आला असेल तर हा संशय बळावतो. चिकटलेले पीस पुसून न टाकता पाकिटात ठेवतात. त्यावरून पक्ष्याची जात ठरते.