एडिनबर्गचे बोळ जमिनीखाली गेले कसे? पायी सहलींमागची पार्श्वभूमी

स्कॉटलंडची राजधानी एडिनबर्गच्या जुन्या शहरातल्या बऱ्याच पायी सहली सेंट जाइल्स चर्चशेजारच्या मर्कॅट क्रॉसपाशी, म्हणजे जुन्या बाजाराची खूण असलेल्या खांबापाशी, सुरू होतात. तिथून रॉयल माइल या मुख्य रस्त्यावर चार पावले टाकली की वाटाड्या समोरच्या नगरपालिकेच्या इमारतीकडे बोट दाखवतो आणि ‘जमिनीखालच्या शहरा’ची गोष्ट सुरू करतो. प्लेगच्या साथीत मेरी किंग्ज क्लोज नावाचा बोळ दोन्ही बाजूंनी विटांनी बंद केला आणि आतली माणसे आतच मेली, असे अजूनही कुठे कुठे सांगितले जाते. ही गोष्ट खोटी आहे. बोळ खाली गेला तो प्लेगनंतर शंभरेक वर्षांनी, एका बांधकामाच्या निर्णयामुळे.

त्यासाठी आधी जमीन समजून घ्यायला हवी. जुने शहर एका लांबट कण्यावर वसलेले आहे. वर किल्ला, खाली होलीरूड राजवाडा आणि मधून जाणारा रॉयल माइल. त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारखे बोळ उतरतात. त्यांतले काही ‘क्लोज’, काही ‘वाइंड’. वाइंड म्हणजे कुणीही ये-जा करावी अशी वाट. क्लोज मुळात खासगी, रात्री फाटक लावून घेण्याजोगा. आपण दोन्हींना बोळच म्हणू, पण मालकी कुणाची हे त्या नावातच होते. उतार इतका तीव्र की रस्त्यावरून तळमजला वाटणारे घर मागून पाहिले तर पाचव्या-सहाव्या मजल्यावर असते.

१७५३ साली नगरपालिकेने व्यापाऱ्यांसाठी रॉयल एक्स्चेंजची भव्य इमारत बांधायला घेतली. शहर गचाळ झाले आहे, सरदार-जमीनदार लंडनकडे वळत आहेत, तेव्हा व्यापाराला साजेशी वास्तू हवी, असा विचार होता. पण उतारावर सपाट चौक आणायचा कुठून? त्या जागेवरच्या, म्हणजे मेरी किंग्ज क्लोज आणि आजूबाजूच्या बोळांतल्या घरांचे वरचे मजले उतरवले, खालचे तसेच ठेवले आणि त्यांच्याच भिंतींचा पाया करून इमारत उभी केली. ती १७६१ पर्यंत पूर्ण झाली. म्हणजे बोळ खणून खाली नेला नाही की मातीने पुरलाही नाही. तो होता तिथेच आहे, त्याच्या डोक्यावर इमारत आली. आजही मागच्या कॉकबर्न स्ट्रीटवर उभे राहून मान वर करावी: पुढून बेताची दिसणारी ती इमारत इथून दहाहून जास्त मजल्यांची दिसते. माझ्या मते हा सहलीतला सगळ्यात बोलका थांबा आहे, आणि नेमका तोच बहुतेकांच्या वाटेवर नसतो.

हा निर्णय ज्या कामासाठी घेतला ते कामही साधले नाही. जुना मर्कॅट क्रॉस वाटेत येतो म्हणून १७५६ मध्ये हलवला, तरी व्यापारी नव्या इमारतीत जाईनात. क्रॉस होता त्याच उघड्या जागेवर उभे राहून ते सौदे करत राहिले. शेवटी १८११ पासून नगरपालिकाच त्या इमारतीत राहायला आली. ज्यांची घरे अर्धी कापली गेली त्यांच्याबद्दल मात्र सहलीत एखादे वाक्य आले तर नशीब. बोळाचा उतरणीकडचा भाग तर पुढेही उघड्या आभाळाखाली, वस्तीचा राहिला. शेवटचा रहिवासी तिथून बाहेर पडला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. विटांनी बंद केलेल्या बोळात कुणी अडीचशे वर्षे राहत नाही.

१६४५ च्या प्लेगमध्ये झाले ते वेगळे. आजारी माणसांना गावाबाहेर बर्ग म्युअरच्या माळावरच्या झोपड्यांत हलवले जाई, आणि ज्या घरांवर बंदी घातली जाई त्यांना अन्न आणि कोळसा पोचवला जाई. सतराव्या शतकाच्या मानाने ही व्यवस्था कौतुकास्पद होती. भिंतीत कोंडल्याच्या कथेने तिच्यावर अन्याय होतो.

वाटाड्यांची परंपराही जुनी आहे. अठराव्या शतकात या शहरात ‘कॅडी’ असत. निरोप पोचवणे, सामान नेणे आणि पाहुण्याला अंधाऱ्या बोळांतून हव्या त्या दारापर्यंत नेणे हे त्यांचे काम. गोल्फमधला कॅडी हा शब्द तोच.

१८६१ मध्ये हाय स्ट्रीटवरची, म्हणजे रॉयल माइलच्याच एका भागातली, एक जुनी इमारत कोसळून ३५ माणसे मेली. त्यानंतर १८६७ चा शहर-सुधार कायदा आला आणि कितीतरी बोळ पाडून रुंद रस्ते काढले गेले. या पाडापाडीला उत्तर दिले ते पॅट्रिक गेडिस या जीवशास्त्रज्ञाने. १८८० च्या दशकात तो पत्नीसह मोडकळीला आलेल्या जेम्स कोर्टमध्ये राहायला गेला, शेजाऱ्यांना घेऊन भिंती धुतल्या, रंगवल्या. फक्त पडायलाच आलेले घर काढा, त्या जागी उजेड आणि बाग येऊ द्या, बाकीचे वाचवा, असा त्याचा आग्रह. १८९२ मध्ये त्याने किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. पाहुण्यांना तो आधी गच्चीवर नेई, कॅमेरा ऑब्स्क्युराच्या, म्हणजे आरसा आणि भिंगातून बाहेरचे दृश्य अंधाऱ्या खोलीत पाडणाऱ्या यंत्राच्या, पांढऱ्या टेबलावर शहराचे हलते चित्र दाखवी आणि मग एकेक मजला उतरत शहर, देश, युरोप, जग असे समजावी. हाच माणूस पुढे होळकरांच्या इंदूरचा १९१८ चा आराखडा करून गेला आणि १९१९ पासून मुंबईच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागला. सहलीत आज जे बोळ पाहायला मिळतात, त्यांतले पुष्कळ त्याच्या हट्टामुळे उरले आहेत.

आजची रात्रीची भुताखेतांची सहल १९८० च्या दशकातली. त्याच सुमारास साउथ ब्रिजच्या कमानींखालची बुजलेली तळघरे पुन्हा उघडली आणि वाटाड्यांना नवी जागा मिळाली. १९९५ मध्ये जुने आणि नवे शहर मिळून जागतिक वारसा यादीत गेले. मेरी किंग्ज क्लोज २००३ मध्ये तिकीट लावून खुला झाला. मग ‘फुकट’ सहली आल्या, ज्यांत वाटाड्याची कमाई शेवटी मिळणाऱ्या बक्षिसीवर चालते. गर्दी इतकी वाढली की जानेवारी २०२५ मध्ये नगरपालिकेने मुक्कामाच्या भाड्यावर ५ टक्के पर्यटक-कर मंजूर केला. सलग पहिल्या पाच रात्रींपुरताच तो आहे आणि लागू होण्याची तारीख ठरली २४ जुलै २०२६. सकाळच्या गाडीने येऊन बोळ पाहून संध्याकाळी परतणाऱ्याला तो लागत नाही.