फूल, हवा आणि नवखा संघ

नवख्या देशाचा बॅडमिंटन संघ मोठ्या स्पर्धेत खेळत असला की मी गुणांपेक्षा खेळाडूंच्या पायांकडे जास्त बघतो. मुलं-मुली चपळ असतात, हातात ताकदही असते. तरी पाय किंचित उशिरा हलतात आणि नेहमी रेषेच्या आत पडणारा टॉस, म्हणजे मागे उंच मारलेला फटका, बोटभर बाहेर जातो. बघणारे म्हणतात, दडपण आलं. दडपण असतंच, पण बराचसा दोष हवेच्या ओळखीचा आणि नजरेच्या सवयीचा असतो.

आधी हवा. शटल, म्हणजेच आपलं फूल, ही बुचात रोवलेली 16 पिसं, वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम. 2023 मध्ये भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची, म्हणजे वरून खाली मारलेल्या जोरदार फटक्याची, ताशी 565 किलोमीटर अशी विक्रमी नोंद झाली. हा वेग फूल रॅकेटवरून सुटतानाचा. पिसांचा घेर हवेला असा अडतो की साधारण दर सव्वातीन मीटरला वेग निम्म्यावर येतो. म्हणूनच उंच मारलेलं फूल चेंडूसारखी कमान काढत नाही. ते वर जातं, दमतं आणि जवळजवळ सरळ खाली येतं. कितीही उंच मारलं तरी उतरताना त्याचा वेग ताशी 24 किलोमीटरच्या आसपासच राहतो.

सगळी मदार हवेवर असल्यामुळे हवा बदलली की खेळ बदलतो. उष्ण किंवा उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असते, फूल लांब जातं. म्हणून शटल वेगवेगळ्या वेगांची बनवतात आणि सामन्याआधी पारखून घेतात. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोरानं मारलेलं फूल समोरच्या मागच्या रेषेच्या 530 ते 990 मिलिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. पण या चाचणीनंतरही मोठ्या सभागृहातला वातानुकूलनाचा झोत उरतोच. एका बाजूनं तो फूल पुढे ढकलतो, दुसऱ्या बाजूनं मागे रेटतो. लहान, बंद हॉलमध्ये घडलेल्या हातानं हा झोत कधी अनुभवलेलाच नसतो.

त्यात पिसांची शटल महाग आणि लवकर मोडणारी, म्हणून पुष्कळ ठिकाणी सराव नायलॉनवर होतो. जोराच्या फटक्यानंतर नायलॉनचा घेर आक्रसतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि शटल पिसांच्या फुलापेक्षा वेगळ्या वाटेनं जातं. नायलॉनवर पक्का झालेला अंदाज पिसांवर चुकणारच. खेळाडूला यासाठी बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आता नजर. ताशी 300 किलोमीटरचा स्मॅश आठ मीटर अंतर साधारण पाव सेकंदात कापतो. दिसलेल्या गोष्टीवर शरीराची पहिली हालचाल व्हायलाच सुमारे 0.2 सेकंद लागतो. म्हणजे फूल बघून मग निघालात, तर गेलात. मग जगातले अव्वल खेळाडू काय बघतात? ऑस्ट्रेलियन संशोधक ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी 1987 च्या अभ्यासात खेळाडूंना फटक्यांच्या चित्रफिती दाखवल्या. त्या मध्येच थांबवून, किंवा शरीराचा एखादा भाग झाकून, फूल कुठे पडेल ते विचारलं. नवशिक्यांचा आधार फक्त रॅकेटचा होता. निष्णात खेळाडू रॅकेटबरोबर हातही वाचत होते, त्यामुळे त्यांना उत्तर लवकर मिळत होतं.

ही नजर घरच्याच चार जोडीदारांबरोबर एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. त्यांचे हात पाठ झालेले असतात. अनोळखी मनगटाचा चकवा अनोळखी मनगटासमोरच शिकायला मिळतो. म्हणून पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघालाही परदेशी स्पर्धांना पाठवत राहावं, असं मला मनापासून वाटतं, आणि एकट्या अव्वल खेळाडूला पाठवून भागत नाही.

थॉमस कप या पुरुष संघांच्या जागतिक स्पर्धेतल्या लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी सामने असतात. तीन जिंकावे लागतात. प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा एकेरीत जिंकली 1980 मध्ये, पुल्लेला गोपीचंद यांनी 2001 मध्ये. भारतीय पुरुष संघाच्या हाती थॉमस कप आला तो मात्र 2022 मध्ये, बँकॉकला, 14 वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला 3-0 असं हरवून. त्यातला एक विजय दुहेरीतला होता. दुहेरीत फूल सर्वांत जलद फिरतं आणि आधीच वाचण्याची कसोटी सर्वांत कडक लागते. सात्विक आणि चिराग शेट्टी पहिला गेम 18-21 असा हरले, पुढचे दोन 23-21 आणि 21-19 असे जिंकले.