एकशे दहा गुणांचा डोळा

घरात केसांच्या कलपाचं खोकं असेल तर ते जरा उजेडात धरून बघा. बारीक अक्षरांत एक सूचना असते. हा कलप भुवयांना किंवा पापण्यांच्या केसांना लावू नये, तसं केल्यास अंधत्व येऊ शकतं. ही सूचना भारतीय नियमांनुसार सक्तीची आहे. तिचे शब्द मात्र जवळजवळ जसेच्या तसे अमेरिकेच्या १९३८ सालच्या कायद्यात सापडतात, आणि त्यामागे काही बायकांचे गेलेले डोळे आहेत.

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा एक रंग ब्यूटी पार्लरांमधून पापण्या आणि भुवया काळ्या करायला वापरला जात होता. त्यात पॅराफेनिलिनडायअमिन होतं. केसांच्या काळ्या कलपात आजही वापरतात तेच हे रसायन. रंग लावून घेतलेल्या एका बाईचे डोळे सुजून बंद झाले, पापण्यांत पू झाला, कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, जखमा झाल्या आणि शेवटी तिची दृष्टी गेली. दुसरी एक बाई जंतुसंसर्गाने दगावली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, हे सगळं दिसत होतं. पण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं येतच नव्हती, त्यामुळे त्यांना हात बांधून बसावं लागलं. त्यांनी दृष्टी गेलेल्या त्या बाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो एका प्रदर्शनात लावले. पत्रकारांनी त्या प्रदर्शनाला भयकथेतल्या दालनाचं नाव दिलं. १९३८ मध्ये नवा कायदा आला, तो हाती पडताच लॅश ल्यूरचा माल जप्त झाला.

कायदा आला खरा, पण 'हा पदार्थ डोळ्याला अपायकारक आहे' असं कोर्टात म्हणायचं तर ते मोजून दाखवावं लागणार होतं. डोळ्याची इजा मोजायची कशी? एफडीएमधले विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर ड्रेझ चाचणी म्हणून ओळखली गेली.

पद्धत अशी. पांढरा, लाल डोळ्यांचा ससा घ्यायचा. खालची पापणी हलकेच ओढून तिचा कप करायचा आणि त्यात ०.१ मिलिलिटर द्रव टाकायचा. पापण्या क्षणभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. मग एका तासाने, चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी डोळा तपासायचा, आणि इजा भरून येते की नाही हे बघायला एकवीस दिवसांपर्यंत वाट पाहायची. मूळ पद्धतीत नऊ ससे होते, नंतर सहा झाले, आज जास्तीत जास्त तीन. पूर्वी सशाला डोळा चोळता येऊ नये म्हणून फक्त डोकं बाहेर राहील अशा खोक्यात अडकवत. डोळा बधिर करणारे थेंब आणि वेदनाशामक औषध यांचा समावेश ओईसीडीच्या, म्हणजे विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या, चाचणी नियमावलीत २०१२ साली झाला. म्हणजे पद्धत रूढ झाल्यानंतर तब्बल अडुसष्ट वर्षांनी. हा आकडा मला अजूनही पचत नाही. कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत दाट मज्जातंतूंच्या जाळ्याचा भाग आहे. डोळ्यात धुळीचा कण गेला की आपण काय करतो ते आठवा.

आता गुणपत्रिका. एकूण गुण ११०. त्यांतले ८० एकट्या कॉर्नियाला. ती किती धुरकटली आणि किती भागावर, यांचा गुणाकार करायचा. आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, तेच हे. बुबुळाच्या रंगीत पडद्याला १०. उरलेले २० पापणीच्या आतल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ अस्तराला, डोळे आले की जे लाल होतं त्याला. लाली, सूज आणि स्राव यांचे हे गुण.

कॉर्नियाला एवढं झुकतं माप देण्यात शहाणपण होतं. अस्तराची लाली आठवड्याभरात जाते. कॉर्नियाचं तसं नाही. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची ही काच पारदर्शक राहते, कारण तिच्यात रक्तवाहिनी नसते आणि कोलॅजन या प्रथिनाचे धागे इतक्या शिस्तीत रचलेले असतात की प्रकाश विखुरत नाही. वरचा पेशींचा थर खरवडला गेला तर दोन-चार दिवसांत भरून येतो. नव्या पेशी येतात त्या काळ्या-पांढऱ्याच्या सीमारेषेवरच्या मूलपेशींच्या पट्ट्यातून. पण रसायन खोल गेलं, धाग्यांची रचना मोडली किंवा तो सीमेवरचा पट्टाच जळाला, तर फूल कायमचं.

आपल्या ओळखीचं उदाहरण चुन्याचं. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी पोरांच्या हाती लागते, दाबली जाते, फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. लहान मुलांच्या डोळ्यांना रसायनाने होणाऱ्या इजांमध्ये चुना हे आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचं कारण आहे. ॲसिड डोळ्यात गेलं तर वरची प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थरच बहुतेक वेळा ॲसिडला पुढे जायला अडवतो. चुना किंवा कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशाचा अक्षरशः साबण करतो आणि आत आत उतरत राहतो. चुन्याच्या निवळीचा पीएच, म्हणजे पदार्थ किती ॲसिड किंवा किती अल्कली हे सांगणारा आकडा, १२ च्या वर असतो. आजच्या नियमांनुसार पीएच २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो पदार्थ सहसा डोळ्याला घातक धरला जातो. ससा आणायची गरज नाही.

मग ससाच का? डोळे मोठे, प्राणी शांत, पाळायला स्वस्त, आणि पांढऱ्या सशाच्या बुबुळात रंगद्रव्य नसल्याने लाली चटकन दिसते. ही सगळी कारणं तपासणाऱ्याच्या सोयीची आहेत. सशाचा डोळा आपल्यासारखा आहे, हे कारण त्यांत नाही, आणि तो तसा नाहीच. सशाची कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ. त्याला तिसरी पापणी असते. आपल्याकडे तिची खूण म्हणून नाकाकडच्या कोपऱ्यात एक गुलाबी घडी तेवढी उरली आहे. आपली पापणी मिनिटाला दहा-पंधरा वेळा लवते, सशाची काही मिनिटांतून एकदा. अश्रूही कमी. म्हणजे टाकलेलं रसायन सशाच्या डोळ्यात रेंगाळतं, आपल्या डोळ्यातून ते धुऊन निघतं. शिवाय तो ०.१ मिलिलिटर. माणसाच्या डोळ्यात एरवी एवढ्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही अश्रू नसतात. १९८० मध्ये काही संशोधकांनी एक दशांश मात्रा, म्हणजे ०.०१ मिलिलिटर, थेट कॉर्नियावर ठेवून पाहिली, तर निकाल माणसांच्या अपघातांतल्या अनुभवाशी जास्त जुळले. तरीही नियमावलीत ०.१ मिलिलिटरच राहिलं.

याहून मोठा दोष १९७१ मध्येच उघड झाला होता. कॅरॉल वाइल आणि रॉबर्ट स्काला यांनी पंचवीसेक प्रयोगशाळांना तेच ते पदार्थ पाठवले आणि निकाल शेजारी मांडले. एका प्रयोगशाळेने तीव्र दाहक ठरवलेला पदार्थ दुसरीने जवळजवळ निरुपद्रवी ठरवला होता. डोळा किती धुरकटला हे शेवटी तपासनीस नजरेने ठरवतो, आणि नजर माणसागणिक बदलते. ही पद्धत नव्या नियमांत प्रमाण म्हणून घालू नये, असा निष्कर्ष दोघांनी काढला. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, ओईसीडीने तिची मार्गदर्शिका क्रमांक ४०५ म्हणून नोंद केली.

बऱ्याच पुढे, २०१६ साली, युरोपीय महासंघाच्या रसायन-नोंदणीतल्या हजारो ड्रेझ चाचण्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. एकदा 'गंभीर इजा' असा शेरा मिळालेला पदार्थ पुन्हा तपासला, तर तोच शेरा पुन्हा मिळण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के निघाली. साधारण दहात एकदा तोच पदार्थ चक्क निर्धोक ठरत होता. सौम्य वर्गांमधला मेळ याहून वाईट होता.

मग ही चाचणी टिकली कशी? माझ्या मते ती टिकली कारण ती आकडा देत होती. कंपनीला खटल्यात दाखवायला कागद हवा होता, अधिकाऱ्याला फाइलवर लिहायला गुण हवे होते. आकडा नजरेच्या अंदाजातून आला आहे हे हळूहळू विसरलं गेलं.

हे गणित बिघडवलं न्यूयॉर्कमधल्या एका शाळामास्तराने. हेन्री स्पायरा पूर्वी जहाजावर खलाशी होता, कामगार चळवळीत वाढलेला. त्याने रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीकडे एक साधी मागणी केली: नफ्यातला थोडासा वाटा पर्यायी पद्धती शोधायला द्या. वर्षभर दाद लागली नाही. मग एप्रिल १९८० मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली. डोळ्यांवर पट्टी बांधलेला ससा, आणि सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते, असा थेट प्रश्न. त्याच वर्षाअखेर रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी प्रसाधन उद्योगाच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राणी-चाचण्यांना पर्याय शोधणारं केंद्र उभं राहिलं. स्पायराने प्रयोगशाळा फोडली नाही की कुणाला धमकावलं नाही. वैज्ञानिकांना वैज्ञानिक प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी पैसे मिळवून दिले. मला त्याचं हे वागणं फार मोलाचं वाटतं.

त्या प्रश्नाची उत्तरं यायला तीस वर्षं लागली. पहिली आली कत्तलखान्यातून. मांसासाठी मारलेल्या जनावरांचे डोळे एरवी टाकूनच देतात. त्यातली कॉर्निया काढून दोन छोट्या कप्प्यांमध्ये पडद्यासारखी बसवायची, एका बाजूला रसायन दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, आणि मग दोन गोष्टी मोजायच्या. पडद्यातून प्रकाश किती अडला, आणि फ्लुरोसीन नावाचा चमकणारा रंग पलीकडे किती झिरपला. दोन्ही मापं यंत्र घेतं. एकत्रित गुण ५५ च्या वर गेले तर गंभीर इजा, ३ किंवा त्याखाली असतील तर निर्धोक. कोंबडीच्या डोळ्यावरची अशीच चाचणी हिच्याबरोबरच २००९ मध्ये मान्य झाली.

पुढचं पाऊल माणसाच्या पेशींचं. बोटाच्या टोकावर मावेल अशा कपात, सच्छिद्र पडद्यावर, माणसाच्या पेशी वाढवतात. एका प्रकारात त्या कॉर्नियाच्या असतात, दुसऱ्यात त्वचेच्या. खालून पोषक द्रव आणि वरून हवा मिळाली की त्या एकावर एक थर रचतात आणि कॉर्नियाच्या वरच्या आवरणासारखी रचना तयार होते. त्यावर तपासायचं द्रव अर्धा तास ठेवून धुतात, मग एक पिवळा रंग देतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्या नाही. एका रूढ पद्धतीत ६० टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत राहिल्या तर पदार्थाला इशाऱ्याचं चिन्ह लागत नाही. २०१५ पासून ही पद्धत ओईसीडीच्या यादीत आहे.

तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्या कपात आवरणाखालचे खोल थर नाहीत, सीमेवरच्या मूलपेशी नाहीत, अश्रू नाहीत. इजा एकवीस दिवसांत भरते का, हे तो सांगू शकत नाही. म्हणून आता एकाहून अधिक चाचण्या आणि रसायनाचे गुणधर्म एकत्र जोडून निर्णय घेण्याची रीत आली आहे. २०२२ मध्ये तिलाही मान्यता मिळाली. या सगळ्यात एक अडचण मात्र मुळातलीच आहे. नवी पद्धत बरोबर की चूक हे ठरवतात तिचे निकाल सशांच्या जुन्या निकालांशी ताडून. मोजपट्टीच दर वेळी वेगळं माप देत असेल, तर नव्या पट्टीला कमी-जास्त ठरवायचं कशाच्या आधारे? त्यामुळे माणसांच्या अपघातांच्या नोंदी नीट ठेवणं हेही या संशोधनाचंच काम आहे.

आणि लॅश ल्यूरचं काय? त्यातलं रसायन मुख्यतः ॲलर्जीने घात करतं. शरीराची आधी त्याच्याशी गाठ पडलेली असते, मग पुढच्या वेळी भडका उडतो. सशाच्या डोळ्यात एकदाच टाकलेल्या थेंबातून ही ॲलर्जी उमगत नाही. ज्या दुर्घटनेने या चाचणीची गरज सर्वांना पटवली, ती दुर्घटना ही चाचणी बहुधा टाळू शकली नसती.

भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही. बंदी प्रसाधनांपुरती आहे. औद्योगिक रसायनं आणि कीटकनाशकं तिच्याबाहेर राहिली.

कीटकनाशकांचा विषय आपल्या शेतात येऊन पोचतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वर्षी डोक्याच्याही वर वाढली होती. फवारा उंच मारावा लागत होता आणि तो तोंडावर, डोळ्यांवर येत होता. कित्येकांना काही काळ दिसेनासं झालं. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो ठरतो पोटात गेल्यास आणि कातडीला लागल्यास किती मात्रेत जीव जातो यावरून. डोळ्याच्या इजेचा त्या रंगात हिशोबच नाही. हिरवा त्रिकोण असलेलं औषधही डोळ्याला जबर इजा करणारं असू शकतं. डोळ्याबद्दलची माहिती आतल्या घडीच्या माहितीपत्रकात, बारीक अक्षरांत असते, आणि फवारणीचा चष्मा मजुराला बहुतेक वेळा मिळतच नाही. सशांचे डोळे घालवून मिळवलेली ती माहितीही, जिच्यासाठी मिळवली त्या माणसापर्यंत पोचत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

चुना असो, औषध असो, बॅटरीचं ॲसिड असो, डोळ्यात गेलं की पहिलं काम पाण्याचं. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान पंधरा-वीस मिनिटं धार सोडत राहायचं, आणि मगच दवाखाना. लिंबू, दूध, तूप यांतलं काही घालायचं नाही. चुना असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं, कारण त्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून राहतात आणि पापणी उलटवून काढेपर्यंत जाळत राहतात.