सातबारा कोणाच्या नावावर? कायमच्या घराच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

संगणकावरच्या मराठीसाठी साधनं बनवून त्यांचा कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या आपल्या मुक्तस्रोत समूहाला एक कायमचं, मध्यवर्ती घर असावं आणि त्यासाठी संस्था नोंदवावी, हा विषय यंदा पुन्हा बैठकीत आला आहे. नव्या पोरांना यात बोलण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. कोड ठेवायला गिटहब या संकेतस्थळावर खातं आहे, टेलिग्रामवर ग्रुप आहे, आता घर कायले पाहिजे? हे टिपण मुख्यतः त्यांच्यासाठी.

सुरुवात एका अर्ध्या अक्षरापासून झाली. 'वऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सामायिक अक्षरपद्धतीत, टाइप केला की अनेक संगणकांवर रफार ह च्या डोक्यावर चढायचा आणि 'वर्हाड' उमटायचं. म्हणजे इथल्या माणसाला आपल्या मुलखाचं नावच धड लिहिता येत नव्हतं. युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी मराठीतल्या 'ॲ'ला तिथं स्वतःची जागा मिळायला २००८ उजाडलं. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात कृतिदेव किंवा श्रीलिपी हे युनिकोडबाहेरचे जुने फॉन्ट चालायचे, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अर्जाची फाइल उघडली की नुसता अक्षरांचा काला. म्हणून कळफलक, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी छोटी साधनं, शुद्धलेखन तपासायच्या शब्दयाद्या असं काम यवतमाळ, वाशीम, वर्ध्याकडच्या गावांतून सुरू झालं. लाइन असेल तेव्हा.

हे काम ठेवायचं कुठं, याचं उत्तर त्या वेळी जगभर जे होतं तेच इथंही होतं. सोर्सफोर्ज १९९९ मध्ये निघालं, गूगल कोड २००६ मध्ये, गिटहब २००८ मध्ये. फुकट जागा मिळाली, माल टाकला.

गोंधळ आहे तो 'घर' या शब्दात, आणि माझ्या मते निम्मी भांडणं त्यातूनच झाली. कोड ठेवायची जागा म्हणजे घर, असं कोड लिहिणारे समजतात. भाषांतर करणाऱ्यांना बसून बोलायची जागा म्हणजे घर वाटतं, कारण एका शब्दावर तीन दिवस वाद घालणं हेच त्यांचं काम. साधन उतरवून घेणाऱ्या शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला यातलं काहीच दिसत नाही, त्याच्यासाठी घर म्हणजे लक्षात राहील असा एक पत्ता. 'रिपॉझिटरी'ला, म्हणजे कोड साठवायच्या जागेला, मराठीत काय म्हणावं यावर एकदा भांडार, कोठार, संग्रह अशी रस्सीखेच चालली होती. कोणीतरी 'कोठी' सुचवलं. तेव्हा एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "कोठीत ज्वारी राह्यते बाप्पा, माणसं नाही राहत." तो शब्द मागे पडला, पण त्यांचा मुद्दा आजही तसाच उभा आहे.

या तिन्हींखाली चौथा अर्थ आहे आणि तो कोणी बोलत नाही. घर कोणाच्या नावावर? गावठाणातल्या घराचा नमुना ८ आपण मालकीचा कागद समजून जपून ठेवतो. खरं तर ती ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद. तुम्ही राहता आणि कर भरता एवढंच ती सांगते. कोणत्याही कंपनीच्या मंचावरचं खातं हे तसलंच आहे, किंबहुना त्याहून कच्चं. ते ठोक्यानं केलेलं वावर आहे. पीक तुमचं, धुरे तुम्ही नीट ठेवलेले, पण पुढच्या साली मालक काय म्हणेल ते त्याच्या मनावर.

मालक काय म्हणतो ते आम्ही २०१४ ते २०२१ या काळात पाहिलं. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशानं देशात ३२ संकेतस्थळं बंद केली गेली. कारण दहशतवादी मजकुराचं होतं, पण यादीत सोर्सफोर्ज, पेस्टबिन, इंटरनेट अर्काइव्ह आणि गिटहबचा गिस्ट हा भागही होता. बंदी पुढं टप्प्याटप्प्यानं उठली. आमच्यातल्या बऱ्याच जणांना मात्र आधी वाटलं की आपलंच नेट गेलं आहे, आणि ते एक्स्चेंजला फोन लावत बसले. मार्च २०१५ मध्ये गूगल कोड बंद होणार असं जाहीर झालं, जानेवारी २०१६ मध्ये ते मिटलं. माल हलवायची सोय दिली होती, ती चांगलीही होती. पण लोकांच्या वह्यांत, शाळेच्या फळ्यावर, प्रशिक्षणाच्या झेरॉक्स पानांवर लिहिलेले पत्ते कसे हलवणार?

२०१६ मध्येच मेळघाटातलं हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं, राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या भागीदारीत. दोन वर्षांनी, जून २०१८ मध्ये, त्याच कंपनीनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेत असल्याचं जाहीर केलं. काही वाईट झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उलट खाजगी कोठारं फुकट झाली. पण जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रायमियातल्या लोकांच्या खात्यांवर मर्यादा आल्या तेव्हा आमच्यातले काही दचकले. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या जुन्या गप्पांच्या जाळ्याचा ताबा कोणाकडे यावरून तिथले स्वयंसेवक एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा उभं केलं. वर्षानुवर्षं तिथं बसणारे समूह महिन्याभरात उठून गेले.

मोठ्या समूहांनी याच सुमारास आपापली चूल मांडली. डेबियन आणि ग्नोम हे मुक्तस्रोत समूह २०१८ मध्ये गिटलॅबवर, म्हणजे गिटहबसारख्याच पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेल्या व्यवस्थेवर गेले, केडीई २०२० मध्ये. आम्हीही हौसेनं एका सदस्याच्या घरी जुना संगणक सर्व्हर म्हणून लावला. इन्व्हर्टर होता. मे महिन्यात पत्र्याखाली तो किती टिकला हे सांगायची गरज नाही.

मग डोमेनचा, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचा प्रकार झाला. पत्ता एका सदस्याच्या वैयक्तिक नावानं घेतला होता, नोंदीतला ईमेल त्याच्या कॉलेजचा. तो नोकरीला पुण्याला गेला, कॉलेजचं खातं बंद झालं, मुदतीच्या सूचना त्या बंद खात्यावर जात राहिल्या. पत्ता सुटला. सवलतीच्या मुदतीत जास्तीचे पैसे भरून तो परत मिळाला, तोही सदस्य भला होता म्हणून. त्यानंतरच्या बैठकीत ठरलं की समूहाची संस्था नोंदवायची आणि पत्ता, कोठार, बँक खातं सगळं तिच्या नावे करायचं.

आजचा वाद आहे तो याच निर्णयावर. आपल्या राज्यात अशी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवतात. किमान सात सदस्य लागतात, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज लागतो. विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. अध्यक्ष आणि सचिव एकमेकांविरुद्ध बदल अर्ज टाकून बसले आहेत आणि शाळा तशीच पडली आहे, अशी संस्था प्रत्येक तालुक्यात दाखवता येते. शिवाय परदेशातून सर्व्हरसाठी मदत घ्यायची तर विदेशी देणगीची वेगळी परवानगी, आणि २०२० पासून त्यासाठी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं. डेबियनच्या लोकांनी १९९७ मध्ये अमेरिकेत जी छत्रसंस्था काढली, तसल्या कोणाच्या तरी छपरीत आसरा घ्यावा असंही सुचवलं गेलं. मला ते पुन्हा ठोक्याचंच वावर वाटतं.

विरोधकांचा आवडता दाखला मेंढा-लेखाचा. गडचिरोलीतल्या त्या गावात सगळं सर्वसहमतीनं चालतं, तिथं कुठं अध्यक्षाची मिजास आहे, असं ते विचारतात. दाखला बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला जातो. त्याच गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क वनहक्क कायद्याखाली रीतसर कागदावर मिळवला, आणि २०१३ मध्ये जमीन गावाच्या नावे करणाऱ्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जायचं ठरवलं. सहमती आतल्या कारभाराला, कागद बाहेरच्या जगाला. आपल्या बैठकीत मात्र पहिल्यासाठी दुसरं सोडावं लागेल असं गृहीत धरून दोन तास गेले.

एक गोष्ट नोंदणीच्या बाजूचेही सांगत नाहीत. डोमेन कोणाच्याही नावावर केला तरी तो विकत मिळत नाही, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी मिळतो. पाडव्याला सालदाराचं साल ठरतं तसंच त्याचं, फक्त साल जरा लांब.

सध्याची स्थिती अशी की कोठाराची एक पूर्ण प्रत दर आठवड्याला दोन जणांकडे उतरते, एक आर्वीला आणि एक दिग्रसला. पत्ता अजून पुण्याच्या त्याच सदस्याच्या नावे आहे, ईमेल तेवढा बदलला आहे. नोंदणीच्या अर्जावर सातपैकी पाच नावं आली. उरलेले दोघं म्हणतात, सोयाबीन निघाल्यावर पाहू. डोमेनची मुदत पाडव्याच्या आधी संपते.