पोर्टेबल एसीतील प्रोपेन (बेळगाव सीमाभाग)

पोर्टेबल एसी म्हणजे कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी कॉइल), कूलिंग कॉइल आणि पंखे एकाच चाकांच्या पेटीत बसवलेले वातानुकूलन यंत्र. ते खोलीतच जमिनीवर उभे राहते आणि गरम हवा जाड लवचिक नळीने खिडकीबाहेर टाकते. अशा यंत्रात प्रशीतक म्हणून (उष्णता वाहून नेणारा पदार्थ, बोलीत 'गॅस') प्रोपेन वापरला की गॅस गळून होणारी वातावरणाची हानी जवळजवळ थांबते, पण प्रोपेन पेट घेतो. म्हणून कमीत कमी प्रोपेनमध्ये, कमीत कमी विजेवर पुरेसा गारवा कसा मिळवायचा, हा या यंत्राच्या रचनेतला मध्यवर्ती प्रश्न आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात या यंत्राला गिऱ्हाईक मिळते ते हवामानापेक्षा घरांमुळे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३६ अंशांच्या आसपास जातो आणि वळीव पडला की रात्री पांघरूण लागते. एसीची गरज वर्षातून दीड-दोन महिने, तीही दुपारची. अथणी-रायबागकडे थोडी जास्त. एवढ्यासाठी भिंत फोडून स्प्लिट बसवावा असे भाडेकरूला वाटत नाही आणि घरमालकाला ते चालतही नाही. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत घराला घर चिकटलेले असते, आऊटडोअर युनिट टांगायला स्वतःची मोकळी भिंतच नसते. खिडकीला उभे गज असल्याने विंडो एसीही बसत नाही.

प्रोपेन का

प्रशीतक म्हणून प्रोपेनचे नाव आर-२९०. तो उणे ४२ अंशांना उकळतो. जागतिक तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १ या मापाने मोजली, तर एसीत वापरल्या जाणाऱ्या इतर गॅसांपैकी आर-४१०ए ची २,०८८, आर-३२ ची ६७५ आणि प्रोपेनची जेमतेम ३ भरते. अलीकडच्या मोजणीत ती त्याहूनही कमी आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२० पासून, ज्या हायड्रोफ्लुरोकार्बनची (आर-४१०ए, आर-३२ यांच्या जातीच्या गॅसची) ही क्षमता १५० किंवा त्याहून जास्त आहे तो भरलेले फिरते घरगुती एसी बाजारात आणण्यास बंदी घातली. तेव्हापासून तिथल्या नव्या पोर्टेबल एसीत प्रोपेनच रुळला. भारताने मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती (हे गॅस जगभर कमी करण्याचा करार) २०२१ मध्ये मान्य केली. तिच्यानुसार हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. प्रोपेनचा एसी आपल्याकडे नवखा नाही. बेळगावहून पुण्याला जाताना याच महामार्गावर लागणाऱ्या शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने प्रोपेनचे स्प्लिट एसी बनवले आणि २०१२ मध्ये बाजारात आणले.

पर्यावरण बाजूला ठेवले तरी प्रोपेन हे चांगले प्रशीतक आहे. त्याची बाष्पीभवनाची उष्णता मोठी आणि द्रवाची घनता कमी. त्यामुळे आर-२२ या जुन्या गॅसच्या यंत्रात जेवढ्या वजनाचा गॅस लागे, त्याच्या निम्म्याहून कमी प्रोपेन पुरतो.

ग्रॅमचे गणित

घनमीटरभर हवेत ३८ ग्रॅम प्रोपेन मिसळला की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. एसीच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-४० याच आकड्यावर उभे आहे. १५२ ग्रॅमपर्यंतच्या भरण्याला खोलीच्या आकाराची अट नाही. त्यापुढे, कारखान्यातच सीलबंद केलेल्या फिरत्या यंत्रात ३०४ ग्रॅमपर्यंत जाता येते, पण खोली तेवढी मोठी हवी. सगळा गॅस गळून २.२ मीटर उंचीपर्यंत सारखा पसरला, तरी मिश्रण ज्वलनमर्यादेच्या (म्हणजे वरच्या ३८ ग्रॅमच्या) चौथ्या हिश्श्यावर जाता कामा नये, असा हा हिशेब. तो मांडला की दहा बाय दहा फुटांच्या खोलीला सुमारे १९४ ग्रॅम आणि दहा बाय बाराला सुमारे २३३ ग्रॅम येतात. पूर्ण ३०४ ग्रॅमसाठी सुमारे १५७ चौरस फुटांची खोली लागते, आणि जुन्या बेळगावात एवढी झोपायची खोली असलेली घरे थोडी. इथे विकायच्या यंत्राची मर्यादा म्हणून दोनशे ग्रॅमच्या आतच धरावी लागेल.

स्वयंपाकघरात १४.२ किलोचे सिलिंडर चालते, मग दोनशे ग्रॅमचे काय एवढे, असा प्रश्न विक्रेत्यांच्या तोंडी हमखास असतो. आकड्यांपुरता तो खरा आहे. पण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो आणि स्वयंपाकघराची खिडकी बहुधा उघडी असते. एसीतल्या प्रोपेनला वास नसतो, आणि एसी लावताना माणूस दारे-खिडक्या बंद करून झोपतो. शिवाय प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड. गळला तर तो जमिनीलगत, उंबरठ्याच्या आत साचतो. आणि आपल्याकडे अंथरूण, देवापुढची समई, मोबाइल चार्जरची एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळे त्याच उंचीवर. म्हणून यंत्रातली रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) सीलबंद, पंख्याची मोटर ठिणगी न पाडणारी, ब्रशविना आणि गळती कळताच पंखा सुरू करून गॅस विखुरणारा सेन्सर, एवढे तरी असावेच. याबाबत पोर्टेबल एसीची एक बाजू भक्कम आहे. त्याचे सगळे सांधे कारखान्यात ब्रेझिंग केलेले (वितळलेल्या धातूने जोडलेले) असतात. स्प्लिटसारखे घरात येऊन आवळलेले फ्लेअर नट (नळ्यांचे पेचाचे सांधे) नसतात, आणि गळती सहसा तिथूनच सुरू होते.

गॅस कुठे बसतो

सर्वांत जास्त गॅस द्रवरूपाने कंडेन्सरमध्ये असतो. त्याखालोखाल बराचसा कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळून पडलेला असतो आणि थंडाव्याच्या कामी येत नाही. कॉइल मोठी केली की विजेची बचत होते, पण आतली पोकळी वाढून गॅस जास्त लागतो. डिझायनर इथे अडतो.

वाट निघते ती नळ्या बारीक करून. ७ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटरची नळी घेतली, की तेवढ्याच लांबीत पोकळी जवळपास निम्मी होते. बारीक नळीत वाढलेला दाबऱ्हास (दाबाची घट) आवरण्यासाठी एका लांब फेऱ्याऐवजी समांतर छोटे फेरे द्यावे लागतात. त्याही पुढची पायरी म्हणजे मायक्रोचॅनेल कंडेन्सर. यात ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्टीत मिलिमीटरभर किंवा त्याहून अरुंद वाहिन्या असतात. कूलिंग कॉइलला मात्र ही पद्धत तितकी मानवत नाही. पट्ट्यांमध्ये दवाचे पाणी अडते आणि द्रव-वायूचे मिश्रण सगळ्या वाहिन्यांत सारखे वाटले जात नाही. तेलही प्रोपेन कमी विरघळवणारे निवडतात आणि कॉम्प्रेसरमध्ये मोजकेच घालतात. हे सगळे एकत्र जमले तर मजल कुठवर जाते, हे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२२ मध्ये दाखवले: १२.८ किलोवॉटचा हीट पंप अवघ्या १२४ ग्रॅम प्रोपेनवर. तो घर तापवणारा, प्रयोगशाळेतला पंप होता. हवेवर चालणाऱ्या स्वस्त पेटीत तेवढे साधणार नाही, पण एक टनाला, म्हणजे साडेतीन किलोवॉटला, दीडशे ग्रॅम हे आवाक्याबाहेरचे नाही.

कूलिंग कॉइलवर जमलेले पाणी खालच्या तबकातून चक्रीने उडवून गरम कंडेन्सरवर शिंपडतात. त्याच्या बाष्पीभवनाने कंडेन्सर थंड राहतो आणि कॉम्प्रेसरचा भार उतरतो. ही युक्ती स्वस्त आणि गुणाची आहे. वडगावात मागाच्या शेडशेजारी यंत्र ठेवले तर मात्र हवेतली सुताची तूस त्या ओल्या, बारीक फिनांवर (कॉइलच्या पातळ पत्र्यांवर) चिकटून लगदा होतो. तिथे जाळी काढून धुता येणे हे मायक्रोचॅनेलपेक्षा महत्त्वाचे.

एक नळी की दोन

बाजारातले बहुतेक पोर्टेबल एसी एका नळीचे असतात. ते खोलीतलीच थंड हवा कंडेन्सरवरून ओढून ताशी सुमारे ३०० घनमीटर बाहेर फेकतात. तेवढीच गरम हवा दाराच्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून आत शिरते. बाहेर ३६ आणि आत २६ अंश असताना नुसती ही घुसखोर हवा थंड करायला पाऊण ते एक किलोवॉट क्षमता खर्ची पडते, म्हणजे एक टनाच्या यंत्राचा जवळपास चौथा हिस्सा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने क्षमता मोजताना हा तोटा धरायला सुरुवात केली, तेव्हा कित्येक यंत्रांचा खोक्यावरचा आकडा निम्म्याच्या आसपास आला. तिथे या यंत्रांसाठी २०२० मध्ये जाहीर केलेले किमान कार्यक्षमतेचे निकष जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

दुसरी नळी दिली की कंडेन्सरसाठीची हवा बाहेरूनच येते आणि हा तोटा बराचसा टळतो. मग लहान यंत्र पुरते, आणि लहान यंत्राला गॅसही कमी. ग्रॅम वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग कॉइलमध्ये नाही, तो या नळीत आहे. बेळगावच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने सुमारे आठ टक्क्यांनी विरळ असते, तेव्हा पंखाही थोडा सढळ हवा. खरी अडचण खिडकीची. पाच-सहा इंची नळी गजांमधून जात नाही. सुतार झडप उघडी ठेवून चौकटीत प्लायचा तुकडा बसवतो, गजांपुढे नळीचे तोंड चपटे करतो, नि उरलेल्या फटीत फोम कोंबतो. दोन नळ्यांना दोन भोके पाडताना ती शेजारी शेजारी पडली, तर बाहेर टाकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते. ती निदान वर-खाली तरी असावीत. मंगळुरी कौलांच्या खोलीत खाली छत नसेल, तर एक नळी काय नि दोन काय, आधी छत करून घेतलेले बरे.

दुरुस्ती

आर-२२ च्या काळात 'गॅस मारणे' हे काम गेजवरचा दाब पाहून आणि नळीला हात लावून अंदाजाने होई. प्रोपेनच्या यंत्रात ते चालत नाही. दीडशे ग्रॅममध्ये वीस ग्रॅमची चूक झाली तर थंडावा आणि सुरक्षितता दोन्ही बिघडतात. बाटली ग्रॅमच्या काट्यावर ठेवून, आधी व्हॅक्यूम करून, पाटीवर छापलेला आकडाच भरायचा. ब्रेझिंगच्या आधी यंत्र अंगणात किंवा गच्चीवर नेऊन गॅस काढायचा आणि नळ्यांतून नायट्रोजन फिरवायचा. आत प्रोपेन राहिलेल्या नळीला ज्योत लावणे सर्वांत धोक्याचे. घरगुती सिलिंडरचा गॅस एसीत कधीही भरू नये. त्यात ब्युटेन, ओलावा आणि वासासाठी घातलेले गंधकाचे संयुग असते. त्याने दाबाचे गणित चुकते आणि कॉम्प्रेसर खराब होतो. आर-२२ वर चालणाऱ्या जुन्या एसीत प्रोपेन भरून देण्याचा सल्लाही मानू नये. तो गारवा चांगला देतो हे खरे, पण त्या यंत्राचे स्विच, रिले आणि सांधे पेट घेणारा गॅस धरून बनवलेले नसतात.