कोंबडीच्या गुणसूत्रांत मुक्कामाला आलेले विषाणू

कोल्हापूरच्या बाजारातली कोंबडी आणि राधानगरी-दाजीपूरच्या रानात पहाटे आरवणारा करडा रानकोंबडा हे एकाच कुळातले असले, तरी बहुतेक पाळीव कोंबड्यांच्या डीएनएमध्ये ल्यूकोसिस (कोंबड्यांना होणारा रक्तपेशींचा कर्करोगासारखा आजार) गटातल्या विषाणूची जनुके पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि करड्या रानकोंबड्यात ती आढळत नाहीत.

हा विषाणू रेट्रोव्हायरस आहे. तो आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो (हे टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी १९७० साली स्वतंत्रपणे दाखवले) आणि तो पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. अंडे किंवा शुक्राणू घडवणाऱ्या पेशीत असे घडले, तर पिल्लाला विषाणू संसर्गाने नव्हे, वारशाने मिळतो.

तो नेमका कुठे बसला आहे, हे शोधणे किचकट होते. ठरावीक अक्षरक्रमावर डीएनए कापणारी विकरे वापरली, की विषाणूच्या कडेच्या तुकड्याची लांबी शेजारच्या कोंबडीच्या डीएनएवर अवलंबून राहते, त्यामुळे प्रत्येक जागेची खूण वेगळी उमटते. या जागांना 'ईव्ही' (एंडोजिनस व्हायरस, म्हणजे वारशाने आलेला विषाणू) असे नाव आणि क्रमांक मिळाले. ईव्ही-१ ही जागा १ क्रमांकाच्या, सर्वांत मोठ्या गुणसूत्रावर निघाली. मात्र कोंबडीला गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात आणि त्यांपैकी बहुतेक सूक्ष्मदर्शकाखाली धुळीच्या कणांएवढ्याच दिसतात, त्यामुळे प्रत्येक जागेचा पत्ता इतका सहज लागला नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत रंजक आहे ती झेड या लिंग-गुणसूत्रावरची ईव्ही-२१. ती पिसे उशिरा फुटवणाऱ्या जनुकाला खेटून आहे. मादीला एकच झेड असते आणि ते बापाकडून येते; नराला आई-बाप दोघांकडून एकेक झेड मिळते आणि त्यात उशिरा पिसांचे जनुक वरचढ ठरते. म्हणून लवकर पिसे फुटणारा नर आणि उशिरा पिसे फुटणारी मादी यांच्या संकरात मुलगे उशिरा पिसांचे, तर मुली लवकर पिसांच्या निपजतात, आणि एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पाहून हॅचरीत नर-मादी वेगळे करता येतात. या सोयीची किंमतही आहे. उशिरा पिसांच्या कोंबड्या ईव्ही-२१ चा विषाणू अंड्यातून पिल्लांत उतरवतात आणि अशी पिल्ले बाहेरून आलेल्या ल्यूकोसिसच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे कमी बनवतात.

पाळीव कोंबडीखेरीज ईव्ही जनुके सापडली ती तिच्या मुख्य पूर्वजात, तांबड्या रानकोंबड्यात. त्यामुळे हा विषाणू रानकोंबड्यांच्या जाती वेगळ्या झाल्यानंतर शिरला असावा. तरीही सह्याद्रीतल्या करड्या नातेवाइकाचा वाटा आपल्या कोंबडीत आहेच, कारण तिच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडूनच आले असावे, असे २००८ साली दिसून आले.